दुसऱ्या खोलीत डीटीएच : एकाच छत्रीवर दोन टीव्ही स्वतंत्रपणे चालवण्याची रीत

हॉलमध्ये डीटीएचचे कनेक्शन आधीपासून आहे आणि आता आतल्या खोलीत, आईवडिलांसाठी किंवा मुलांसाठी, दुसरा टीव्ही लावायचा आहे, अशा घरासाठी हा लेख आहे. या कामातल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते. छत्रीवरून आलेली एकुलती एक वायर मध्येच कापली जाते, तिला एक स्वस्त स्प्लिटर जोडला जातो आणि त्यातून दोन्ही खोल्यांना वायर काढल्या जातात. पाण्याच्या पाइपला टी लावून दोन नळ काढावेत, तसा हा विचार असतो आणि केबल टीव्हीच्या काळात तो खरोखरच चालत होता. डीटीएचमध्ये तो का चालत नाही, हे एकदा नीट कळले, की छत्रीवर काय बदलायचे, वायर कोणती आणायची आणि इंस्टॉलरकडून नेमके काय करून घ्यायचे, हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

आधी ठरवायची गोष्ट

दोन्ही खोल्यांत एकाच वेळी वेगवेगळ्या वाहिन्या पाहायच्या आहेत का, हे सर्वांत आधी ठरवावे. उत्तर 'नाही' असेल, म्हणजे हॉलमध्ये जे चालू आहे तेच आत दिसले तरी चालणार असेल, तर दुसरे कनेक्शन घेण्याचे कारण नाही. हॉलमधल्या बॉक्सच्या एचडीएमआय आउटपुटला एचडीएमआय स्प्लिटर लावावा आणि त्यातून दुसरी केबल आतल्या टीव्हीपर्यंत न्यावी. साधी एचडीएमआय केबल दहा मीटरच्या पुढे बेभरवशाची होते, म्हणून अंतर जास्त असल्यास कॅट-६ वायरीवर, म्हणजे इंटरनेटसाठी वापरतात त्या नेटवर्क वायरीवर, चालणारी एचडीएमआय एक्स्टेंडरची जोडी घ्यावी. काही एक्स्टेंडरमध्ये रिमोटचा सिग्नल उलट दिशेने नेण्याची सोय असते. ती असलेलाच घ्यावा, नाहीतर आतल्या माणसाला वाहिनी बदलण्यासाठी प्रत्येक वेळी उठून हॉलमध्ये यावे लागते. एका खोलीत मालिका आणि दुसरीत क्रिकेट अशी मागणी असलेल्या घरात मात्र हा उपाय आठवडाभरही टिकत नाही.

उत्तर 'हो' असेल, तर दुसरा सेट-टॉप बॉक्स लागेल आणि त्या बॉक्ससाठी छत्रीपासून स्वतंत्र वायर लागेल. येथेही दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे सध्याच्याच कंपनीकडून, त्याच नावावर आणि त्याच नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर दुसरे कनेक्शन घेणे. याला मल्टी-टीव्ही कनेक्शन म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे आतल्या खोलीत प्रसार भारतीची डीडी फ्री डिश लावणे. तिला मासिक शुल्क नाही, पण छत्री वेगळी लागते. त्याविषयी पुढे येईलच.

पैशांचा हिशेब कनेक्शन घेण्याआधीच विचारून घ्यावा, कारण दुसऱ्या बॉक्सचा खर्च एकदाच होत नाही. प्रत्येक बॉक्सवरच्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे स्वतंत्रपणे लागतात आणि त्यावर नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे बिलात दिसणारे एनसीएफ, आणि १८ टक्के जीएसटी असतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२०च्या सुधारणेनुसार पहिल्या २०० वाहिन्यांसाठी हे शुल्क करांव्यतिरिक्त जास्तीत जास्त १३० रुपये होते आणि एकाच नावावरच्या दुसऱ्या व पुढच्या कनेक्शनसाठी जाहीर शुल्काच्या जास्तीत जास्त ४० टक्के घेता येत होते. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या शुल्कावरची कमाल मर्यादा उठवली, त्यामुळे आज तुमची कंपनी दुसऱ्या कनेक्शनला नेमके काय लावते, हे तिच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवेकडून पाहूनच ठरवावे. दुसऱ्या बॉक्सवर पहिल्याचाच पॅक घेण्याची सक्ती नसेल, तर घेऊही नये. आतल्या खोलीत मराठी वाहिन्या आणि बातम्या एवढेच पाहिले जाणार असेल, तर क्रीडा वाहिन्यांचे पैसे दोनदा का भरावेत?

स्प्लिटर का चालत नाही

छत्री म्हणजे फक्त आरसा. उपग्रहाकडून आलेले केयू बँडचे, साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचे सिग्नल ती एका बिंदूवर गोळा करते. त्या बिंदूवर दांडीच्या टोकाला बसवलेली डबी म्हणजे एलएनबी. एवढ्या उच्च वारंवारितेचा सिग्नल साध्या वायरीतून खोलीपर्यंत पोचणारच नाही, म्हणून एलएनबी तो वाढवते आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या टप्प्यात उतरवून खाली पाठवते. तिला लागणारी वीज मात्र खालून वर जाते, त्याच वायरीतून, सेट-टॉप बॉक्सकडून.

आणि बॉक्स नुसती वीज पाठवत नाही, तो आज्ञाही पाठवतो. उपग्रहाच्या वाहिन्या उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवीकरणांत, म्हणजे लहरी कंप पावण्याच्या दोन दिशांत, विभागलेल्या असतात. बॉक्सने १३ व्होल्ट दिले, की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाच्या वाहिन्या खाली पाठवते आणि १८ व्होल्ट दिले, की आडव्या. युनिव्हर्सल एलएनबीमध्ये याशिवाय २२ किलोहर्ट्झचा एक स्वर असतो. तो नसेल तर वारंवारितांचा खालचा पट्टा मिळतो, असेल तर वरचा. म्हणजे एका वायरीतून एका क्षणी उपलब्ध वाहिन्यांचा एक गटच येतो आणि कोणता गट यावा, हे रिमोटवर दाबलेली वाहिनी ठरवते.

आता एका वायरीवर दोन बॉक्स जोडले, तर काय होईल ते पाहा. हॉलमधला बॉक्स १८ व्होल्ट मागतो, आतला १३. वीज दोन्ही बाजूंनी जाऊ देणाऱ्या स्प्लिटरमध्ये वरचढ व्होल्टेज जिंकते, एलएनबी आडव्या गटावर जाते आणि आतल्या टीव्हीवर 'सिग्नल नाही' असे येते. हॉलमध्ये कोणी वाहिनी बदलली, की आतले चित्र परत येते. हे भुताटकीसारखे वाटणारे वर्तन दिसले, की कारण शोधत बसू नये. वायरीवर कुठेतरी स्प्लिटर आहे, एवढाच त्याचा अर्थ. काही स्प्लिटर एकाच तोंडातून वीज जाऊ देतात. अशा घरात हॉलमधला बॉक्स मुख्य स्विचवरून बंद केला, की आतला टीव्हीही बंद पडतो.

शेजारच्या घरात स्प्लिटरवर दोन्ही टीव्ही व्यवस्थित चालतात, असे कोणी सांगेल आणि ते खोटे नसेल. एखाद्या सेवेच्या तुम्ही पाहता त्या सर्व वाहिन्या एकाच ध्रुवीकरणावर आणि एकाच पट्ट्यात असतील, तर दोन्ही बॉक्सची मागणी सारखीच राहते आणि भांडण उद्भवत नाही. पण उद्या कंपनीने वाहिन्यांची जागा बदलली, तर तो जमलेला खेळ मोडतो. त्यावर भरवसा ठेवून भिंती फोडू नयेत.

छत्रीवरचा बदल

उपाय साधा आहे. एक तोंड असलेली एलएनबी काढून तिच्या जागी दोन तोंडांची, म्हणजे ट्विन एलएनबी लावायची. तिची दोन्ही तोंडे एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एका तोंडावर १३ आणि दुसऱ्यावर १८ व्होल्ट एकाच वेळी चालतात. पुढेमागे तिसऱ्या टीव्हीची शक्यता असेल, तर आताच चार तोंडांची क्वाड एलएनबी लावून घ्यावी, कारण गच्चीवर पुन्हा चढण्याचा त्रास किमतीतल्या फरकापेक्षा मोठा असतो. न वापरलेल्या तोंडांवर रबरी टोपी मात्र घट्ट बसवावी. अनेक मजली इमारतीत गच्चीवर एकच सामाईक छत्री आणि मल्टिस्विच, म्हणजे तिचा सिग्नल अनेक घरांना स्वतंत्रपणे वाटणारी पेटी, असेल, तर यातले काहीच करावे लागत नाही. त्या मल्टिस्विचचे एक मोकळे तोंड सोसायटीकडून मागून घ्यायचे आणि तेथून वायर आणायची.

एलएनबी आपल्याच कंपनीच्या सेवेसाठी चालणारी असावी. टाटा प्लेचे उपग्रह पूर्व रेखांश ८३ अंशांवर आहेत, फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर, इतर कंपन्यांच्या जागा आणखी वेगळ्या आहेत आणि एलएनबीच्या आतली वारंवारिताही सर्वांची सारखी असेलच असे नाही. म्हणून दुकानात 'ट्विन एलएनबी द्या' एवढेच न म्हणता कंपनीचे नाव सांगून घ्यावी. त्याहून बरे म्हणजे दुसरे कनेक्शन मागतानाच कंपनीच्या माणसाला ट्विन एलएनबी आणायला सांगावे. तो स्प्लिटर घेऊन आला, तर त्याला परत पाठवायला संकोच करू नये.

हे काम स्वतः करायचे असल्यास क्रम असा ठेवावा. प्रथम बॉक्सचा प्लग सॉकेटमधून काढावा. रिमोटने बंद केलेला बॉक्सही वायरीत वीज सोडत असू शकतो, आणि एफ-कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचे फिरवून बसवायचे तोंड, लावताना वायरीतल्या धातूच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तर शॉर्ट होतो. मग जुनी एलएनबी सोडवण्याआधी मोबाइलवर तिचा जवळून फोटो काढावा आणि पकडीवर व एलएनबीच्या अंगावर मार्करने एक सलग रेघ ओढावी. एलएनबी स्वतःभोवती किती अंशांत फिरवून बसवलेली आहे, यावर दोन्ही ध्रुवीकरणे एकमेकांत मिसळणार की नाही हे ठरते, आणि नवी एलएनबी त्याच कोनात, तितकीच पुढेमागे बसली तर सिग्नल पहिल्यासारखाच येतो. छत्रीचे, खांबाचे आणि भिंतीवरच्या पायाचे बोल्ट या कामात अजिबात सैल करू नयेत. पाव इंच सरकलेली छत्री परत जागेवर आणणे हे एक वेगळेच काम होऊन बसते.

गच्चीवर चढण्याचा दिवस कोरडा असावा. पत्र्याच्या किंवा कौलारू छपरावर एकट्याने चढू नये, आणि घरावरून विजेची तार जात असेल तर खांब, शिडी किंवा लांब वायर हाताळताना ती किती अंतरावर आहे, हे आधी पाहून घ्यावे. वीज चमकत असताना तर वायरीला हातच लावू नये.

वायर आणि तिचा मार्ग

वायर ७५ ओहमची आरजी-६ हवी. चांगल्या आरजी-६ मध्येही ९५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण २० डेसिबल आणि २१५० मेगाहर्ट्झला ३० डेसिबलच्या आसपास सिग्नल जिरतो. गच्चीवरून दुसऱ्या खोलीपर्यंतच्या २५-३० मीटरला ही घट सहज सोसते. केबल टीव्हीसाठी वापरली जाणारी बारीक आरजी-५९ मात्र त्याहून जास्त सिग्नल खाते. मधली तार शुद्ध तांब्याची असेल तर उत्तम, कारण तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेत विजेचा दाब जास्त पडतो आणि लांब वायरीच्या टोकाला १८ व्होल्टचे १४-१५ उरले, तर एलएनबी ती मागणी १३ व्होल्टचीच समजू शकते. काही ठरावीक वाहिन्या दिसतात आणि काही कधीच दिसत नाहीत, असे झाल्यास सिग्नलइतकाच संशय या तारेवर घ्यावा.

फ्लॅटमध्ये बिल्डरने भिंतीतून टाकलेली जुनी टीव्हीची वायर असते आणि तीच वापरण्याचा मोह होतो. वापरायला हरकत नाही, पण आधी तिची दोन्ही टोके शोधावीत. डक्टमध्ये किंवा दारावरच्या डबीत एखादा केबलवाल्याचा स्प्लिटर लपलेला असतो आणि त्याच्यावर '५–१००० मेगाहर्ट्झ' असे छापलेले असते. डीटीएचचा जवळपास सगळा सिग्नल त्या मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. वायर आरजी-५९ असेल, तर तिच्याच टोकाला नवी आरजी-६ बांधून पाइपातून ओढून घेता येते. जुनी वायर ओढण्यापुरती तरी कामी येते.

नवा मार्ग काढताना विजेच्या वायरीच्या पाइपातून ही वायर नेऊ नये. खोलीच्या आत केसिंग-कॅपिंग पट्टीतून, स्कर्टिंगच्या वरून किंवा दाराच्या चौकटीला लगटून नेली, की नजरेला खुपत नाही. कोपऱ्यावर ती काटकोनात मोडू नये, हाताच्या मुठीएवढी गोलाई द्यावी. आतला पांढरा फोम दबला, की तेथे सिग्नल परत फिरतो. खिळ्यांच्या क्लिपा ठोकतानाही तेच सांभाळावे. बाहेरच्या भिंतीतले भोक आतून बाहेर थोडे उतरते पाडावे आणि वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, खोलीत येत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर या झोळाचे महत्त्व सांगायला नको. गच्ची ते बॉक्स वायर एकसंध असावी. जोड द्यावाच लागला, तर तो घराच्या आत द्यावा.

एफ-कनेक्टर लावताना घाई होते आणि पुढचे निम्मे बिघाड तेथेच तयार होतात. बाहेरचे आवरण सोलून जाळी मागे दुमडावी, फोम कापून मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर येईल एवढी ठेवावी, आणि फोमचा पांढरा भाग कनेक्टरच्या आतल्या कडेला बरोबर टेकला आहे, हे पाहावे. हाताने पिळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा कॉम्प्रेशन प्रकारचा कनेक्टर अधिक टिकतो. तो दाबण्याची पक्कड इंस्टॉलरकडे असते. एलएनबीकडच्या जोडावर पाणी शिरू न देणारी, ओढली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी. साधी इन्सुलेशन टेप उन्हाने एका उन्हाळ्यात सुटते. दोन्ही वायरींच्या दोन्ही टोकांना 'हॉल' आणि 'आतली खोली' अशा चिठ्ठ्या याच वेळी लावून टाकाव्यात.

बॉक्स सुरू करणे आणि सिग्नल पाहणे

नवी वायर आतल्या बॉक्सला जोडल्यावरच त्याचा प्लग लावावा. सेटिंगमधल्या सिग्नलच्या पानावर स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थ म्हणजे वायरीतून काहीतरी येत आहे. क्वालिटी म्हणजे जे येत आहे ते वाचता येते. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य, तर छत्री चुकीच्या दिशेला आहे किंवा एलएनबी चुकीची आहे. दोन्ही शून्य, तर वायर, कनेक्टर किंवा एलएनबीपर्यंत न पोचलेली वीज. एका वायरीवर शंका आली, तर ट्विन एलएनबीचा एक मोठा फायदा उपयोगी पडतो. हॉलचा चालता बॉक्स आतल्या खोलीत आणून नव्या वायरीला लावावा. तो तेथेही चालला तर वायर ठीक आहे आणि दोष नव्या बॉक्समध्ये आहे, नाही चालला तर वायर किंवा तिकडचे तोंड तपासावे. वर जाऊन दोन वायरींची अदलाबदल केली, की त्या दोघांपैकी कोण दोषी, हेही कळते.

सिग्नल आला तरी सशुल्क वाहिन्या लगेच दिसतीलच असे नाही. प्रत्येक बॉक्सचा स्वतःचा कार्ड क्रमांक असतो आणि तो तुमच्या खात्यात दुसरे कनेक्शन म्हणून नोंदला गेल्यावर परवानगीचा संकेतही उपग्रहावरूनच येतो. त्यासाठी बॉक्स चालू आणि वायरीला जोडलेला असावा लागतो. कपाटात ठेवलेल्या बॉक्सवर रिचार्ज करून उपयोग नाही. संकेत चुकला, तर ॲपमधून तो पुन्हा मागवता येतो. शेवटी, दोन्ही टीव्ही एकत्र चालू करून दोन्हींवर जलद वाहिन्या बदलून पाहाव्यात. एकाच्या बदलाने दुसऱ्याचे चित्र हलले नाही, तरच इंस्टॉलरला जाऊ द्यावे.

आतल्या खोलीत फ्री डिश

दुसऱ्या टीव्हीवर सह्याद्री, बातम्या आणि जुने चित्रपट एवढेच पुरेसे असेल, तर डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा दुसऱ्या कनेक्शनपेक्षा शहाणपणाची ठरते, असे माझे मत आहे. खर्च एकदाच होतो. बॉक्स एमपेग-४ असलेलाच घ्यावा, कारण जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सर्व वाहिन्या येत नाहीत.

हॉलच्या छत्रीवरून मात्र तिचे काम भागत नाही, कारण उपग्रह वेगळा आहे. दुसरी छत्री पुण्याहून आग्नेयेकडे, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर पाहणारी असावी. मुंबईत हे आकडे सुमारे १३१ आणि ५७-५८, तर नागपुरात १४४-१४५ आणि ६०. त्या दिशेला झाड, पाण्याची टाकी किंवा समोरची इमारत येत नाही, हे भोक पाडण्याआधी पाहावे; पश्चिमेकडच्या बाल्कनीत हे जमत नाही. मोबाइलचे होकायंत्र लोखंडी रेलिंगजवळ चुकीचे दाखवते, म्हणून दोन पावले दूर उभे राहून दिशा घ्यावी. छत्रीची थाळी मात्र ५९ अंश वर पाहताना दिसणार नाही, ती उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशच मागे कललेली दिसते. तिचा केंद्रबिंदू मुद्दाम खाली ठेवलेला असतो, त्यामुळे हे योग्यच आहे. बॉक्समध्ये एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००, असा निवडून क्वालिटीची पट्टी पाहत छत्री केसाकेसाने सरकवावी आणि प्रत्येक हालचालीनंतर क्षणभर थांबावे, कारण पट्टी उशिरा प्रतिसाद देते. सर्वाधिक क्वालिटीवर बोल्ट आवळताना छत्री पुन्हा हलते. म्हणून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

बिघाड वाटणारे जे बिघाड नाही

मुसळधार पावसात दोन्ही टीव्ही काही मिनिटे जाणे स्वाभाविक आहे. केयू बँडच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि दाट पाऊस त्यांना शोषतो. पण साध्या रिमझिमीतही चित्र तुटत असेल, तर कोरड्या दिवशीच क्वालिटी कमी आहे असे समजून छत्रीची दिशा दुरुस्त करून घ्यावी. फक्त आतला टीव्ही पावसात जात असेल आणि हॉलमधला टिकत असेल, तर आकाशाला दोष देऊ नये, त्या वायरीच्या वरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात काही दिवस, रोज साधारण एकाच वेळी, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि थोडा वेळ सिग्नल जातो. त्या दिवसांत कोणालाही गच्चीवर पाठवू नये.